मी कोण आणि उंची किती

मी वणीतल्या एका ज्युनियर कॉलेजात डीटीपी शिकवते. म्हणजे लग्नपत्रिका, हँडबिलं, पुस्तकं, बॅनर हे सगळं कॉम्प्युटरवर जुळवून छापायला कसं तयार करायचं, ते. नेमणूक तासिका तत्त्वावर, राबणं मात्र बारमाही. गॅदरिंगचं बॅनर, उपप्राचार्यांच्या मेव्हण्याच्या वास्तुशांतीची पत्रिका, संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचं फ्लेक्स, सगळं माझ्याच लॅबमधून निघतं. काम निघेपर्यंत ती 'आपली लॅब' असते. प्रिंटरची शाई संपली की लगेच 'मॅडम, तुमची लॅब' होते.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि वरून फर्मान आलं, की विद्यार्थ्यांना स्वतःची ओळख उमगावी म्हणून प्रत्येकाकडून एकेक प्रकल्प करून घ्यावा. वरून म्हणजे कुठून, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. फर्मान आलं की समिती बसते, समिती बसली की चहा येतो, चहा संपला की विषय संपतो. या समितीत उपप्राचार्य होते, मराठीचे सर होते, मी होते आणि क्रीडाशिक्षक होते. क्रीडाशिक्षक का, तर त्यांना तो तास मोकळा होता.

मी योजना लिहून नेली होती. अशा बैठकीला काही लिहून नेणं हा आमच्याकडे आगाऊपणा समजतात, तरी नेली. पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. घरातून असा एखादा छापील कागद शोधून आणायचा, ज्यावर आपलं नाव आहे. बहुतेकांना तो काकाच्या नाहीतर मामाच्या लग्नपत्रिकेत सापडणार, अगदी तळाला, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखालच्या किलबिलीत. मग बघायचं, की आपलं नाव केवढ्या अक्षरात आहे, आपल्या वर कोण बसलंय, मधे कोणाकोणाला घुसवलंय. तेवढं कळलं की पेन्सिलने आपलं पान आखायचं. काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे ठरवायचं. मग कॉम्प्युटर. एकच फॉन्ट, दोनच आकार, तयार टेम्प्लेट बंद. गुलाब, फुलपाखरू, मावळता सूर्य आणि उडते पक्षी यांना लॅबमध्ये बंदी.

उपप्राचार्यांनी कागद उलटा करून पाठीमागे काही आहे का ते बघितलं.

"मॅडम, हे लय खोलात जाऊन राह्यलं," ते म्हणाले. "भिंतीवर लावाचं आहे. एकसारखं दिसलं पायजे."

"सर, ओळख एकसारखी कशी असेल?"

"ओळख असू द्या ना वेगळी. डिझाइन एकसारखं ठेवा. वर कॉलेजचं नाव, मंग अध्यक्षसाहेबांचा फोटो, मंग माह्या दोन ओळी शुभेच्छा. खाली जागा उरली त पोट्टं."

खाली जागा उरली तर पोरगं. आमच्या शिक्षणाचं याहून नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही.

मग मराठीच्या सरांनी रंगांचा मुद्दा काढला. निळा नको, भगवा नको, हिरवा नको, पिवळाही नको, उगाच कोणाचं काही निघतं. असे सगळे रंग सोवळ्यात ठेवल्यावर शेवटी करडा उरला. क्रीडाशिक्षक म्हणाले, करडा चांगला, मळत नाही. ते बहुधा ट्रॅकसूटचा विचार करत होते. तर ठरलं असं, की विद्यार्थ्यांनी आपापली स्वतंत्र ओळख करड्या रंगात, एकसारखी सादर करावी, आणि वार्षिक प्रदर्शनात पालकांना दाखवावी.

मी मान डोलावली आणि वर्गात माझंच केलं. तासिका तत्त्वाचा एवढा एक फायदा आहे, वर्गात कोणी डोकावत नाही. पोरांचा अंदाज यावा म्हणून मी सुरुवातीलाच सांगितलं, 'मी कोण' हे सांगणारं एक पान करून आणा. कशात बघू नका, कोणाला विचारू नका आणि मोबाइलला तर मुळीच विचारू नका. मोबाइलला विचारलं की सगळा वर्ग एका रात्रीत जिद्दी, ध्येयवेडा आणि निसर्गप्रेमी होतो.

पानं आली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. जवळजवळ सगळ्या मुलांनी स्वतःच्या वाढदिवसाचं बॅनर करून आणलं होतं. पांढरा शर्ट, काळा चष्मा, कानाला मोबाइल, मागे वाघ. वर नेत्यांची रांग, खाली शुभेच्छुक मित्रमंडळाची रांग. एकाच्या पानावर तर तो स्वतः कुठे आहे तेच मला सापडेना.

"अरे, तुझी ओळख ना ही? मग तू कुठे आहेस?"

"हा काय म्याडम, कोपऱ्यात. साहेबापेक्षा मोठा कसा लावू सोताले?"

आणि मुलींनी? मुलींनी लग्नाचे बायोडाटे आणले होते. नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, भाऊ विवाहित की अविवाहित, मामाचं आडनाव. एकीच्या पानावर गणपती, दुसरीच्या पानावर बुद्ध, तिसरीच्या पानावर तिच्या तांड्यातले महाराज. वरचा फोटो तेवढा बदलायचा, खाली सगळं जिथल्या तिथे. धर्म कोणताही असो, उंची सगळ्यांनाच विचारतात. आणि वर्ण? वणीची कोळशाची धूळ खात रोज एसटीने येणाऱ्या पोरी, पण सावळी एकही नाही. झाडून सगळ्या निमगोऱ्या. पोरी थट्टा करत नव्हत्या. एका मुलीबद्दल कोणी मुद्दाम कागद छापतं, असा एकच कागद त्यांनी पाहिला होता, तो म्हणजे मोठ्या बहिणीचा बायोडाटा. मला राग आला तो पोरींचा नाही, त्या कागदाचा आला. माझाही असा एक कागद होता. त्यात वडिलांनी माझी उंची दोन इंच वाढवली होती आणि आलेला प्रत्येक मुलगा आधी माझ्या चपलांकडे बघायचा.

मग मी माझी योजना पुढे रेटली. पेन्सिल, कागद, खोडरबर. कुरकुर झाली, पण हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. आणि एका मुलीने असं पान केलं, की मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

ही मुलगी मारेगावच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून यायची. वडील कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, वणी ते चंद्रपूर. वर्गात ती फार बोलायची नाही, पण दुसऱ्याच्या पानात एखादी ओळ तिरकी दिसली की तिला चैन पडायचं नाही, उठून नीट करून यायची. तिनेही बायोडाटाच केला होता, पण उलटा. वर नाव. त्याखाली उंची, वर्ण, मामाचं आडनाव सगळं एका ओळीत, इतक्या बारीक अक्षरात की भिंग घ्यावं लागेल. आणि खालचं सगळं पान 'अपेक्षा'. मोठी, मोकळी अक्षरं.

नागपूरला काम. महिन्याच्या महिन्याला पगार. कुलूप लागेल अशी खोली. रविवारी कोणी उठवू नये. डब्यात रोज आलूची भाजी नको. नको असलेला फोटो बॅनरवर लावायला नाही म्हणता यावं. मावशीच्या घरी गेल्यावर 'पोरीचं कधी करता' असं कोणी विचारू नये.

"चालते का म्याडम?" तिने विचारलं.

"एक कानासुद्धा हलवू नकोस," मी म्हटलं.

नागपूरच्या एका छापखान्यात माझी मैत्रीण आहे. तिथे औषधांची, मसाल्यांची खोकी डिझाइन होतात. ते पान मी तिला मोबाइलवर पाठवलं. ती उगीच कौतुक करणाऱ्यांतली नाही, पण तिचा लगेच फोन आला, जूनपासून पाठव, पगार देऊ, होस्टेलचंही बघू. राहता राहिले वडील. त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं, "मी येतो तुह्यं प्रदर्शन पाहाले. काय शिकली थे पाहतो, मंग नागपूरचं सांगतो. नाई त औंदा पोरगं पाहून टाकू." म्हणजे त्या पोरीचं पुढचं सगळं त्या एका पानावर येऊन बसलं होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी उपप्राचार्य लॅबमध्ये आले. वर्षभरात पहिल्यांदाच. एकेक पान बघत तिच्या पानापाशी थांबले.

"हे काय? अपेक्षा कायच्या? माहिती कुठे आहे? साहेबांचा फोटो कुठे आहे?"

मी समजावलं. मग वाद घातला. मग आवाज चढवला, इतका की शिपाई दारात येऊन उभा राहिला. उपप्राचार्य हसले. "मॅडम, तुमी भावनिक होऊन राह्यल्या." बाई चिडली की भावनिक, बाप्या चिडला की शिस्तप्रिय, हा आमच्या संस्थेचा जुना कायदा. "बाकीच्यांसारखं करा, नाई त हे पान लागत नाई. वैयक्तिक माहिती मोठी घ्या, लोकाईले दुरून वाचता आली पायजे." आणि फक्त हिचंच नाही, जी जी पानं जरा माणसासारखी दिसत होती, ती सगळी त्यांनी बाजूला काढून पुन्हा करायला लावली.

मी तिला म्हटलं, नको करूस, आपण वडिलांना लॅबमध्ये बोलावून दाखवू. ती म्हणाली, "नाई म्याडम. बाबा सर्व्यायसमोर पाहतीन. भिंतीवर नसलं त म्हनतीन, काही केलंच नाई." आणि खुर्चीत बसून तिने स्वतःच उंची मोठी केली, वर्ण मोठा केला, मामाचं आडनाव मोठं केलं. अपेक्षा खाली बारीक होत होत तळाच्या पट्टीत गेल्या. वर साहेब बसले. काम मात्र सुबक केलं. बेगारीसुद्धा गबाळी करणं तिला जमत नव्हतं.

प्रदर्शनाला ही गर्दी झाली. भिंतभर करड्या ओळखी. मुलांची पानं कोणी बघत नव्हतं. मुलींच्या पानांपुढे मात्र बायांची झुंबड, आणि प्रत्येकीच्या हातात मोबाइल. आधी मला वाटलं, पोरींच्या कामाचे फोटो काढतात. मग एकीचा आवाज आला, "हे पाच-तीनची चांगली हाये, मामाचं आडनाव पाहून घे." बाया उंच्या वाचत होत्या. एवढं आयतं कुठे मिळणार? इतक्या मुली एका भिंतीवर, शिक्षणासकट. उपप्राचार्य पाहुण्यांना सांगत होते, पालकांचा प्रतिसाद बघा.

तिच्या पानासमोर एक बाई बराच वेळ उभी होती. बसस्टँडच्या रस्त्यावर तिचं फ्लेक्सचं दुकान आहे, मुलगा मशीन चालवतो. ती एकटीच अशी होती, जिने उंची नंतर वाचली.

"हे कोनी केलं, मॅडम? पोरीनं सोता?"

"हो, तिनेच."

"मराठी टायपिंग जमते? फोटो कापता येते?"

"सगळं येतं. तिच्यासारखा हात या गावात नाही."

मला वाटलं, बाई काम देते आहे. मी खुशीत येऊन आणखी चार गुण सांगितले. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समाज बी आमचाच हाये. तिचे बाबा कोन?"

बाबा तेवढ्यात आलेच. ट्रक गावाबाहेर उभा करून, शर्ट बदलून आले होते. लेकीच्या पानासमोर हात मागे बांधून उभे राहिले. मी नागपूरचं बोलायला तोंड उघडणार, तोच त्या बाईने त्यांना बाजूला घेतलं. दोन कप चहात बोलणं झालं. परत आले ते हात जोडूनच.

"म्याडम, तुमच्या शिकवन्याचं सोनं झालं. पोट्टीले घरचं दुकान भेटून राह्यलं."

"अहो, पण नागपूरला तिला नोकरी आहे. पगाराची."

"नागपूर आता कायले? थेच काम अठी भेटते ना. घरच्या घरी."

मुलगी शेजारीच उभी होती. तिने भिंतीवरच्या पानाकडेही पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मला तिथल्या प्रत्येक करड्या कागदाच्या चिंध्या कराव्याशा वाटल्या.

रविवारी पाहण्याचा कार्यक्रम ठरला. वडिलांनी मलाही बोलावलं, पोरीचं काम पाहुण्यांना नीट समजावून सांगायला. म्हणजे माल मीच घडवला, आता दलालीही मीच करायची. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण घरी बसून चरफडण्यापेक्षा तिथे जाऊन चरफडावं म्हणून गेले.

पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बुद्धाच्या फोटोला ताजा हार, तिच्या आईने केलेले पोहे. मुलगा वाईट नव्हता. तो काहीच नव्हता. मोबाइल बघत होता आणि आईने नाव घेतलं की मान वर करायचा. बोलत आईच होती. लग्नसराईत काम किती असतं, एक ऑपरेटर ऐन सिझनमध्ये कसा पळाला, दुसरा शिकून कसा चंद्रपूरला गेला, आता परक्यावर विश्वास ठेवायची सोय कशी राहिली नाही.

"सून असली का टेन्शन नाई," ती म्हणाली. "थे कुठी पळते?"

सगळे हसले. वडीलही हसले.

"पोरी, तुले काही विचाराचं असन त विचार. आमी जुन्या विचाराचे नाई," बाई म्हणाली.

मुलीने हातातली ताटली खाली ठेवली. "काकू, तुमी ऑपरेटरले पगार काय देत होत्या?"

"चांगला देत होतो बाप्पा. काहून?"

"मले तेवढाच देसान का?"

स्वयंपाकघराच्या दारातून तिच्या आईने डोळे वटारले. मुलाने पहिल्यांदाच आपणहून मान वर केली. बाईने समजूत घातली, प्रेमानेच घातली. "बेटा, घरच्या मानसाले कोनी पगार देते का? सारं तुह्यंच त राहीन."

मी वडिलांकडे बघत होते. ते अजून हसतच होते, मघाचं हसू तोंडावर राहून गेलं होतं. ते हळूहळू उतरलं.

"ताई," ते म्हणाले, "मले बी माहा मालक घरचाच म्हनते."

"मंग? चांगलंच हाये ना."

"पगार वाढवाचं काढलं का म्हनते. एरवी नाई म्हनत."

बाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. वडिलांनी पुढे वाकून पोह्यांची ताटली त्या बाईकडे सरकवली.

"पोहे खाऊन घ्या, गरम हायेत. पोट्टी जूनमधी नागपूरले जाते."

एवढंच. आवाज चढला नाही, कोणी उठून गेलं नाही. मी आयुष्यात इतकी भाषणं ऐकली, इतक्या समित्यांमध्ये बसले, पण शहाणपणाचं एक वाक्य ऐकायला मला एका ट्रक ड्रायव्हरच्या घरी पोहे खायला जावं लागलं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी दुसऱ्यांदा पोहे घेतले. मुलीचे डोळे कोरडे होते. ती कप गोळा करत होती.

निघताना त्या बाईने मला अंगणात गाठलं. चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. सौदा फिसकटला की माणसं दुसऱ्या दुकानाकडे वळतात, तशी ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुमच्या वर्गात दुसरी कोनी हाये का, इच्याच हाताची?"

"आहेत ना," मी म्हटलं. "ऑपरेटर पाहिजे असा दुकानावर बोर्ड लावा. पगार त्यावर लिहा. मी स्वतः पाठवते."

"पाहू," ती म्हणाली आणि मुलाच्या गाडीवर बसली.

मुलगी नागपूरला गेली. मसाल्याच्या खोक्यांवर काम करते. पहिला पगार झाला तेव्हा मला फोन केला आणि बराच वेळ नुसती हसत होती. कॉलेजच्या अहवालात आमचा प्रकल्प यशस्वी म्हणून नोंदला गेला, उपप्राचार्यांच्या नावावर.

बसस्टँडच्या रस्त्यावरून मी रोज जाते. त्या दुकानावर बोर्ड काही लागला नाही. त्यांच्या फ्लेक्सवरची अक्षरं वर्षानुवर्षं एकमेकांच्या अंगावर पडलेली असायची, काने एकीकडे, वेलांट्या दुसरीकडे. यंदा पावसाळा सरता सरता ती एकाएकी सरळ झाली. ओळींमध्ये बेताचं अंतर आलं, फोटो नीट कापलेले दिसायला लागले. मी समजले, सून आली.